वरचा आकडा

७ डिसेंबर १९६९

फुमीच्या बाबांना,

पाकीट मिळालं. आईंच्या नावावर होतं, म्हणून त्यांनीच ते फोडलं आणि फुमीकडून वाचून घेतलं. "मी बरा आहे. थंडी सांभाळा." एवढंच होतं. मागे काही लिहिलंय का म्हणून फुमीनं कागद उलटा करून पाहिला. मी मुळे चिरत होते, चिरत राहिले.

पाकिटावरचा पत्ता निराळा दिसला. कावासाकीचाच, पण मजुरांच्या बराकीचा नाही. हे पत्र त्याच पत्त्यावर टाकते आहे. कुणाच्या हाती पडेल ठाऊक नाही, तेव्हा घरच्या गोष्टीच लिहिते.

गावच्या कचेरीत नवीन नर्सबाई आल्यात, हाताकेयामाबाई. तिशीच्या असतील. पुरुषांचे रबरी बूट घालतात आणि बर्फातून आमच्यापेक्षा भराभर चालतात. आपल्या खोऱ्यात पन्नाशी गाठायच्या आत माणसं झटक्यानं फार जातात, म्हणून घरोघर जाऊन रक्तदाब बघायचा आणि कोण काय खातं, कुठं निजतं, घरात आधी कुणाला झटका आला होता, हे सगळं विचारायचं, असं त्यांचं काम. त्यांना घरं दाखवायला वाडीतली एक बाई हवी होती. सगळ्याजणींनी माझंच नाव पुढे केलं. "यासुएला कुठं काय काम आहे? नवरा इथं नाही, पोरगी मोठी झाली." मी हो म्हटलं. वाडीत आता सगळ्याच घरांत बायका आणि म्हातारी माणसं, पुरुष सगळे शहरात मजुरीला. तरी बोलल्या त्या मलाच.

काल गेनसाकुमामांकडे गेलो. बाईंचे प्रश्न संपेनात, तसे मामा म्हणाले, "एवढं तर माझ्या सासऱ्यानंही विचारलं नव्हतं."

"दारू?" बाईंनी विचारलं.

"सणावाराला."

दंडाला पट्टा बांधला, तर दाबाच्या नळीतला पारा चढला तो उतरायचं नाव घेईना. आतून मामी म्हणाल्या, "आमच्याकडे रोजच सण असतो हो!"

मी मोठ्यानं हसले. खूप दिवसांनी हसले, आणि मग माझं मलाच कसंसं झालं.

बाई मला शिकवतात. दाबाचे दोन आकडे असतात, वरचा आणि खालचा. बापाला किंवा भावाला झटका आलेला, चाळिशी उलटलेली, खाणं खारट, दारू, थंडीतली अंगमेहनत, झोप अपुरी, असा माणूस आधी गाठायचा. मी मान खाली घालून ऐकत होते. एकेक गोष्ट तुमचीच होती. मामंजी संडासाच्या गारठ्यात कोसळले तेव्हा बावन्नचे होते. थोरले भावोजी छपरावरचं बर्फ उपसताना गेले, ते चव्वेचाळिसाव्या वर्षी. मे महिन्यात तुम्ही त्रेचाळीसचे व्हाल.

तिकडे जवळपास दवाखाना असेलच. एकदा जाऊन या.

यासुए


२१ डिसेंबर

फुमीच्या बाबांना,

तुमच्याकडून काही आलं नाही. पोस्टमन येतो तेव्हा मी बाहेर जात नाही, फुमी जाते.

काल बाई आपल्या घरी आल्या. आईंनी चहा दिला, मुळ्याचं धुरावलेलं लोणचं पुढे ठेवलं, सगळं रीतीनं झालं. मग बाईंनी सकाळचं मिसोचं सार डावभर मागितलं, काचेच्या नळीत घातलं आणि त्यात काहीतरी थेंब टाकले. रंग बदलला. "आजी, वाडीतलं सगळ्यात खारट सार तुमचं," असं त्या हसत म्हणाल्या. हसत म्हणायला नको होतं.

"हे सार पिऊन माणसांनी डोंगरावरनं लाकडं उतरवलीत," आई म्हणाल्या. "या घरात पाणचट सार कुणी कुणाला वाढलेलं नाही. आता त्याची परीक्षा घ्यायला पोरीबाळी येणार का?"

"तुमचा दाब बघू?"

"मी मेल्यावर बघ."

"मेल्यावर शून्य येतो, आजी."

आईंचा ओठ जरा हलला, पण त्यांनी हात काही बाहेर काढला नाही. मग बाई म्हणाल्या, "दुखत नाही हो, हे बघा," आणि त्यांनी पट्टा माझ्या दंडाला बांधला. चाळिशीच्या आतल्यांचा बघायचा नसतो. आईंना दाखवायचं म्हणून नुसतं. हवा भरली, सोडली. पुन्हा भरली. मग दुसऱ्या हाताला बांधला.

माझं काय, ठीक आहे. ते राहू दे.

बाई गेल्यावर आई म्हणाल्या, "बाहेरची बाई माझ्या पातेल्यापर्यंत आणलीस."

नववर्षाला बरेच जण येतील म्हणतात. फुमीनं तुमची रजई उन्हात टाकली होती. ऊन कसलं, नुसता उजेड होता.

यासुए


५ जानेवारी १९७०

फुमीच्या बाबांना,

सगळे येऊन गेले. तुम्ही आला नाहीत.

गेनसाकुमामांचा एइकिची तुमच्याच कामावर असतो, तोही आला होता. मी त्याला रस्त्यात गाठलं आणि तुमचं विचारलं. आधी म्हणाला, बरे आहेत. मग म्हणाला, शरदात एकदा इमारतीच्या परांचीवर असताना त्यांना घेरी आली, खाली बसले, तेव्हापासून ते आमच्यात नसतात. राहतात कुठं म्हटलं तर बुटांनी बर्फ उकरायला लागला. "काकू, मला नक्की ठाऊक नाही," म्हणाला. लहानपणापासून तो खोटं बोलताना पायानं काहीतरी उकरतो.

सहकारी दुकानात मी शिरले की बायकांचं बोलणं थांबतं आणि मग सगळ्या एकदम थंडीबद्दल बोलायला लागतात.

घेरीचं तुम्ही कळवलं नाहीत. मीही तुम्हाला एक कळवलं नाही, ते आता लिहिते. त्या दिवशी माझा वरचा आकडा एकशे अठ्ठ्याऐंशी होता. खालचा एकशे दहा. बाईंनी तीनदा पाहिला. छत्तिसाव्या वर्षी हा आकडा त्यांना पटेना. मग जे प्रश्न मी घरोघर ऐकत हिंडत होते तेच माझ्यासमोर आले.

"डोकं दुखतं?"

"कधीमधी."

"झोप?"

"छान लागते."

"मुलीच्या वेळी पोटुशी असताना पाय सुजले होते?"

मी दाराकडे पाहिलं. आई उठून गेल्या होत्या, पण दाराआड उभ्या होत्या. तुम्हाला आठवत असेल, लावणीचे दिवस होते, आणि माझे पाय बुटांत जात नव्हते म्हणून मी अनवाणीच चिखलात उतरायचे. शेवटी बाईंनी पुन्हा विचारलं तेव्हा म्हटलं, "होते थोडे." बाई म्हणाल्या, तेव्हापासूनच असेल. गोळ्या घ्या, मीठ निम्मं करा, गारठ्यात निजू नका.

झोपेचं मी खोटं सांगितलं. मागच्या खोलीत मी एकटी निजायचे. तिथं पहाटे पाण्याच्या भांड्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो. मी जागी असायचे म्हणून मला तो धरताना दिसायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहते तर माझी गादी जागेवर नाही. आईंनी ती उचलून पुढच्या खोलीत स्टोव्हपाशी, आपल्या गादीला लावून टाकली होती. मी काही म्हणायच्या आत त्याच म्हणाल्या, "तू गेलीस तर या पोरीचं आणि शेताचं मी काय करू? नीज मुकाट्यानं." आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

आता आम्ही दोघी रात्री जाग्या असतो. दोघीही झोपल्याचं सोंग करतो.

यासुए


२ फेब्रुवारी

फुमीच्या बाबांना,

ही निम्मी चिठ्ठी आईंची आहे.

परवा बाई माझा दाब बघायला आल्या. एकशे अडुसष्ट निघाला, गोळ्यांचा गुण येतोय म्हणाल्या. पट्टा गुंडाळायला लागल्या तोच आईंनी बाही वर सारून हात पुढे केला. "बांध मलाही. बघू तरी आत काय साठलंय."

वरचा एकशे अठ्ठावीस आला. एकाहत्तराव्या वर्षी.

"आजी, तुमचा तर नवरीसारखा आहे!" बाईंना खरंच आनंद झाला होता.

आईंना झाला नाही. "पुन्हा बघ," म्हणाल्या. पुन्हा तेवढाच. दुसरा हात दिला. तेवढाच. मग बाही खाली करून बसून राहिल्या, बाई निघाल्या तरी उठल्या नाहीत.

अंधार पडल्यावर मी स्टोव्हमध्ये लाकूड सारत होते, तेव्हा बोलल्या. "त्याच्या बाबांना मी वाढलं. थोरल्याला मी वाढलं. खारट केलं की दोघं भात जास्त जेवायचे, म्हणून मुद्दाम खारट करायचे. सून आली, तिच्यापुढेही तेच ठेवलं. तिघांचं असं झालं. आणि मी बघ. ठणठणीत."

मी म्हटलं, आई, तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रत्येकाचं शरीर निराळं असतं असं बाईही म्हणतात.

"तुला कुणी विचारलं?" त्या म्हणाल्या. आणि मग रडल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, थोरल्या भावोजींच्या वेळीही नाही. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवायला गेले आणि मध्येच थांबले. मग ठेवला.

काल सकाळी सार त्यांनीच केलं. मिसो निम्मा, बटाटे, कोबी, वाळवलेले मासे भरपूर. एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हे पाणी आहे," म्हणाल्या. वाटी रिकामी केली. फुमीनं सोयाच्या बाटलीकडे हात नेला, तर तिच्या हातावर चापट बसली.

आता त्यांचे शब्द, त्या सांगतायत तसेच लिहिते:

"तोकुजी, आई बोलते आहे. घेरी आली होती म्हणे. तू मला बरा आहेस म्हणून लिहितोस. तुझा भाऊही बरा होता. दवाखान्यात जा आणि हात दाखव. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. एवढं मागते."

त्यापुढे माझं काही नाही.

यासुए


८ मार्च

फुमीच्या बाबांना,

तुमची चिठ्ठी आली. "प्रकृती चांगली आहे. लावणीला येणं जमणार नाही. माणूस लावून करून घ्या."

आईंनी फुमीला विचारलं, "आणि मी सांगितलं होतं त्याचं?"

"त्याचं काही नाही लिहिलं, आजी."

"नीट बघ."

"नाही ना, आजी."

आई चुलीपाशी गेल्या, उगाच झाकण काढलं, उगाच ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू जा."

"मी? कावासाकीला?"

"मग काय मी जाऊ, या गुडघ्यांनी? पोरीला मी बघते. तिथं त्याच्याजवळ कुणी असलं तर असू दे. तमाशा करू नकोस. येत असला तर आण, नसला तर राहू दे. पण त्याचा दाब बघून घे आणि मगच परत ये."

म्हणजे वाडीत काय बोलतात ते त्यांनाही ठाऊक होतं. सबंध हिवाळा आम्ही दोघी एका स्टोव्हपाशी बसून एकमेकींपासून तेच लपवत होतो.

शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीनं निघते. शनिवारी सकाळी टोकियोत उएनो स्टेशनला उतरेन, पुढची वाट विचारत येईन. आधी कळवते आहे ते यासाठी, की कुणाला तिथून थोडा वेळ बाहेर जायचं असेल तर जाता यावं. मी भांडायला येत नाही.

यासुए


२९ मार्च

फुमीच्या बाबांना,

घरी नीट पोचले. तिथं तुमच्यासमोर बोलता आलं नाही ते आता लिहिते.

तुम्ही दार उघडलंत तेव्हा मी तुमच्याकडे आधी पाहिलंच नाही. तुमच्या खांद्यावरून आत पाहिलं. चार चटया मावतील एवढी खोली, एक गादी, मोरीत एक वाटी, जेवायच्या काड्यांची एक जोडी. खिडकीत वाळत घातलेला एक टॉवेल. गाडीत रात्रभर मी जिच्याशी काय बोलायचं ते घोकलं होतं, ती नव्हतीच.

मला सुटल्यासारखं वाटलं. पण ते फार वेळ टिकलं नाही. कुणी असती तर या माणसाला गरम करून तरी वाढलं असतं, असं मनात येऊन गेलं. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

घेरी आल्यावर मुकादमानं तुम्हाला खाली उतरवलं, रात्रीची राखण दिली, बराकीत दिवसा झोप येईना म्हणून तुम्ही खोली घेतलीत. एवढंच होतं. मी विचारलं, हे का नाही लिहिलंत? तुम्ही म्हणालात, "काय लिहू? वर चढता येत नाही, हे?" आणि पाकिटातल्या शेवयांचं ते तांबडं पाणी तळापर्यंत प्यायलात. मी अडवणार होते. घरोघर जाऊन मी सगळ्यांना अडवते. तुम्हाला अडवलं नाही, कारण तुम्हाला भूक लागली होती.

सोमवारी दवाखान्यात वरचा आकडा दोनशे सहा निघाला. डॉक्टर तुमच्यावर ओरडले आणि तुम्ही शाळेतल्या पोरासारखे उभे होतात. मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं, कोणीतरी ओरडलं म्हणून.

रस्त्यात तुम्ही एकच प्रश्न विचारलात. "तुझा आता किती?" म्हणजे माझी पत्रं तुम्ही वाचली होती. सगळी. मी म्हटलं, एकशे साठच्या आत. तुम्ही "हं" म्हणालात. त्या "हं"वर मी परतीचा सगळा प्रवास काढला.

परत चला असं मी म्हटलं नाही, कारण "नाही" हे ऐकायची माझी तयारी नव्हती. गाडी हलली तेव्हा खिडकीबाहेरून तुम्ही काहीतरी म्हणालात. काचेतून ऐकू आलं नाही. मी मान हलवली. कशाला हो म्हटलं ते मला ठाऊक नाही.

आईंना सगळं सांगितलं. दोनशे सहा ऐकून त्यांनी डोळे मिटले. मग विचारलं, "गोळ्या घेतो का?" मी म्हटलं, माझ्यासमोर घेतली.

लावणीचं बघू. माणूस मिळेल. तुम्ही फक्त एक करा. दर सोमवारी दवाखान्यात जा आणि वरचा आकडा कार्डावर लिहून टाका. बाकी काही लिहायला सुचलं नाही तरी चालेल.

यासुए


१९ एप्रिल

फुमीच्या बाबांना,

दोन सोमवार गेले, काही आलं नाही. तिसऱ्यानंतर काल कार्ड आलं. वाफ्यांत पाणी सोडून मी घरी आले तेव्हा फुमी दारातच ते घेऊन उभी होती. या वेळी माझ्या नावावर होतं.

आई म्हणाल्या, "वाच."

मी वाचलं, "एकशे चौऱ्याऐंशी."

"पुढे?"

"एवढंच आहे, आई."

त्यांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं. त्यांना वाचता येत नाही. तरी बराच वेळ हातात धरून बसल्या, मग मला परत दिलं.

"पुन्हा वाच," म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं.

माझा एकशे बावन्न.

यासुए